खरवडलेलं दार

माझा धंदा गाड्या रंगवण्याचा. गावात मला रंगारी म्हणतात आणि माझ्या बायकोला रंगारीणबाई, तिने आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नसला तरी. ठोकलेल्या, भिंतीला चाटून आलेल्या, गंजून चाळण झालेल्या गाड्या माझ्याकडे येतात आणि साळसूद चेहऱ्याने परत जातात. ‘काही झालंच नव्हतं असं करून द्या,’ गिऱ्हाईक सांगतं. पंचवीस वर्षं मी तेच करत आलो. त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नव्हतं.

टर्नर माझा शाळेपासूनचा मित्र. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर उभं राहून त्याची उमेदीची वर्षं गेली. हात असा, की लोखंडाला लोण्यासारखं वळवेल. पण घरचं काम निघालं की ‘उद्या’. त्याच्या न्हाणीघराची कडी चार वर्षं सुतळीने बांधलेली होती. वहिनी म्हणायच्या, ‘दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे बघायला या.’ वहिनी पोस्टात कामाला. सकाळी लवकर जायच्या आणि दुपारी अडीचला घरी यायच्या. टर्नर यायचा सहाला.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्याला एक जुनी गाडी मिळाली. गावातले म्हातारे डॉक्टर वारले, त्यांच्या बायकोला अंगण मोकळं करून हवं होतं. गाडी टर्नरच्या बापाच्या वयाची. गोल पाठीची, चार दारांची, बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे पुढे आलेले. इंजिन मेलेलं. आम्ही चौघांनी ढकलत ती त्याच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. टर्नर घाम पुसत म्हणाला, ‘सहा महिन्यांत रस्त्यावर आणतो बघ.’

सहा महिन्यांची बारा वर्षं झाली. शेजारपाजारचे म्हणायचे, टर्नरच्या गाडीला पेट्रोल लागत नाही, ती धूळ खाऊनच जगते.

त्या बारा वर्षांत त्याला मुलगी झाली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मीच तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि ते चिकटलं. चार वर्षांची झाली तेव्हापासून ती गाडी तिची. कधी तिचं जहाज व्हायचं, कधी दवाखाना, आणि बहुतेक वेळा दुकान. मी त्यांच्याकडे गेलो की शेडमधून आवाज यायचा, ‘रंगारीकाका, आज दुकान बंद आहे, माल यायचाय.’ मी म्हणायचो, ‘बरं बाई, उद्या येतो.’ मग ती डोकं बाहेर काढून मला बजावायची, ‘आमची गाडी पिवळी करायची आहे तुम्ही. लिंबासारखी. केळ्यासारखी नाही.’

‘आधी तुझ्या बाबांना इंजिन सुरू करू दे.’

‘बाबा म्हणालेत, माझ्या दहाव्या वाढदिवसाला. आणि मागची सीट पण उंच करणार आहेत. आत्ता खिडकीतून नुसतं आकाशच दिसतं.’

ती गेली तेव्हा नऊ वर्षं आणि सात महिन्यांची होती.

ताप आला होता. साधाच वाटला. तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक डोळे फिरवले, अंग ताठ झालं. गावातली एकुलती एक रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. भाड्याची गाडी सांगितली, तिला यायला सव्वा तास लागला. तो सव्वा तास टर्नर पोरीला मांडीवर घेऊन दाराच्या पायरीवर बसला होता. समोर दहा पावलांवर शेड. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात सगळं संपलं.

डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ताप डोक्यात गेला होता, तासाभराने काही फरक पडला नसता. मीही सांगितलं, सगळ्यांनी सांगितलं. तो मान हलवायचा. मान हलवणं आणि पटणं यात किती अंतर असतं ते मी त्या दिवसांत पाहिलं.

पहिल्याच आठवड्यात वहिनींनी शेडचं दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मला त्या गाडीकडे बघवत नाही.’ मी तिथे होतो. टर्नरही होता. आम्ही दोघांनी ते वाक्य ऐकलं आणि दगडावरच्या रेघेसारखं धरून ठेवलं. माणूस पहिल्या आठवड्यात जे बोलतो तेच दहाव्या महिन्यातही त्याच्या मनात असेल, असं का धरून चाललो, कोण जाणे.

वर्ष गेलं. त्या घरात भांड्याला भांडं लागल्याचाही आवाज येईना. दोघं एकमेकांना जपत होते, म्हणजे एकमेकांशी बोलत नव्हते. मग वहिनींची आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. वहिनींनी पाच महिन्यांची रजा टाकली आणि माहेरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी टर्नर माझ्या वर्कशॉपमध्ये आला. बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, ‘गाडी करायची. ती परत यायच्या आत.’

‘कोणती गाडी?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘तिला बघवत नाही ना ती? मग बघवेल अशी करायची. पोरीला जे जे कबूल केलं होतं ते सगळं करायचं. तू आहेस ना?’

वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. मी त्यापुढे कसला विचार करणार? आहे म्हणालो.

गाडी ओढून माझ्या वर्कशॉपमध्ये आणली. टर्नर कारखान्यातून सुटला की थेट माझ्याकडे यायचा, सुट्टीच्या दिवशी उजाडताच हजर. इंजिन त्याने एकट्याने खोललं. जे भाग जगात कुठे मिळत नव्हते ते लेथवर काढले. कुठलासा पंपाचा पिस्टन तासून तासून याच्यात बसवला. एका बुशिंगसाठी त्याने अकरा तुकडे फुकट घालवले. चहा प्यायलाही थांबायचा नाही. मी म्हणायचो, ‘अरे, बारा वर्षं थांबली, अजून दहा मिनिटं थांबेल.’ तो हसायचा नाही. मग मीही तसले विनोद सोडून दिले.

सीटवाला माप घ्यायला आला तेव्हा टर्नरने सांगितलं, ‘मागची बैठक वीतभर उंच करायची.’

‘वीतभर? अहो, मोठ्या माणसाचं डोकं टपाला आपटेल.’

‘मोठ्या माणसासाठी नाहीये.’

सीटवाला गावातलाच. त्याने टेप गुंडाळली, कागदावर आकडा लिहिला, आणि त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही.

मागच्या खिडकीची काच खालीवर करायचं हँडल त्याने पितळेचं नवं बनवलं, बोटभर लांबीचं. मूठ छोटी पाहिजे म्हणून ती तीनदा बारीक केली. माझ्यासमोर हात धरून म्हणाला, ‘एवढीच होती ना रे तिची मूठ?’ मी हो म्हणालो. मला खरंच आठवत नव्हतं. चढायला सोपं जावं म्हणून मागच्या दाराखाली एक पायरी लावली. भिंगरी तोंडाने भोंगा वाजवायची, एक जाड आणि एक बारीक सूर, तसा दुहेरी भोंगा त्याने कुठून कुठून हुडकून आणला. नसलेल्या पोरीचं माप घेऊन आम्ही गाडी बेतत होतो, आणि दोघांपैकी एकालाही ते तसं दिसत नव्हतं. मापं, पत्रे, नटबोल्ट यांत माणूस बुडाला की त्याला किनारा दिसत नाही.

एक मात्र होतं. गाडीच्या आत तो शिरत नव्हता. पहिल्याच दिवशी मागचं दार उघडून त्याने आत डोकं घातलं, आणि चटका बसल्यासारखा बाहेर आला. म्हणाला, ‘आतलं सगळं तू कर. मला सांगू नकोस, दाखवू नकोस. सगळं काढून टाक.’

म्हणून आतलं सगळं मी काढलं. टपाचं फाटकं अस्तर काढलं, त्याच्यावर बॉलपेनने काढलेले पक्षी का मासे, काहीतरी होतं. सीटा उपसल्या, त्यांचा काथ्या कुजला होता, तो मागच्या बाजूला नेऊन जाळला. सीटखालचा सगळा कचरा पोत्यात भरून भंगारात दिला. दाराला आतून लावलेले पुठ्ठे फुगले होते, तेही गेले.

आणि डावीकडचं मागचं दार. पुठ्ठ्याच्या वर, खिडकीखालच्या उघड्या पत्र्यावर खिळ्याने खरवडून लिहिलं होतं. मोठं मोठं, वाकडं तिकडं, ओळीखाली ओळ. मी वाचायला लागलो आणि दुसऱ्या ओळीशी थांबलो. पॉलिश पेपर हातात होता. टर्नर पलीकडे इंजिनात डोकं खुपसून बसला होता. मी ओरडून म्हणालो, ‘हे मागचं दार आतून बरंच खरवडलंय रे.’

तो तसाच वाकून म्हणाला, ‘मग घास की. त्याच्यासाठीच तर दिलीय तुझ्याकडे.’

मी ‘खरवडलंय’ म्हणालो, ‘लिहिलंय’ म्हणालो नाही. तेवढ्या एका शब्दावर मी आजपर्यंत किती वेळा अडखळलोय. मुद्दाम केलं का? नाही. पण ‘लिहिलंय’ म्हटलं असतं तर त्याला उठून यावं लागलं असतं, वाचावं लागलं असतं, आणि त्याच्या डोळ्यांतलं ते हललेलं पुन्हा थांबलं असतं. मला ते नको होतं. मी ग्राइंडर लावला. गंज आणि अक्षरं एकदमच गेली. वर लांबीची पुट्टी भरली, ती वाळल्यावर घासून आरसा केला.

रंगाला आठ दिवस लागले. बाजारातून लिंबू आणून ते बोनेटवर ठेवायचं आणि त्याच्याशी रंग ताडून बघायचा. मी मिसळायचो आणि टर्नर मान हलवायचा, ‘हा केळ्याकडे जातोय.’ पुन्हा मिसळायचो. आठव्या दिवशी फवारा मारला, दोघं मागे सरून बघत राहिलो. त्याने लिंबू उंच धरून रंगाशी ताडलं. मग म्हणाला, ‘हाच.’

रोज संध्याकाळी तो वहिनींना फोन करायचा. काय करतोय ते सांगायचा नाही. एक दिवस फोन ठेवून माझ्याकडे आला तो चेहरा उजळलेला. ‘मी म्हणालो, परत आलीस की एक गंमत दाखवायचीय. ती हसली रे! थोडीशीच, पण हसली.’

वहिनी आल्या त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. गाडी घरासमोर उभी केली होती. टर्नरने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी दोनदा केली होती. मी माझ्या बायकोला घेऊन आलो होतो. बसथांब्यावरून चालत वहिनी कोपऱ्यावर दिसल्या, हातात पिशवी, प्रवासाने चुरगळलेल्या. गाडी पाहिली आणि थबकल्या.

‘आपलीच आहे,’ टर्नर म्हणाला. ‘चालतेसुद्धा.’

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पुढे येऊन पिवळ्या पत्र्यावरून हात फिरवला. ‘लिंबासारखी,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, जमलं. टर्नरने माझ्याकडे बघितलं, त्यालाही तेच वाटलं असणार.

मग त्यांनी डावीकडचं मागचं दार उघडलं. उंच केलेली बैठक पाहिली, ते बोटभर हँडल पाहिलं. नंतर दाराच्या आतल्या बाजूवरून तळवा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा, हळू, आंधळं माणूस चाचपतं तसा. दुसऱ्या बाजूला जाऊन ते दार पाहिलं. वर टपाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसून पुढच्या सीटखाली हात घातला आणि रिकामा हात बाहेर काढला.

‘इथलं कुठंय?’

‘काय?’ टर्नर म्हणाला.

‘तिचं लिहिलेलं. इथं सात ओळी होत्या.’

‘कुठं लिहिलेलं?’

त्याला खरंच माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे.

‘मी रोज यायची,’ वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही, तेच जास्त भयंकर होतं. ‘पोस्टातून आले की यायची. तुम्ही यायच्या आत बाहेर पडायची. मागच्या सीटवर डोकं ठेवलं की तिच्या केसांचा वास यायचा. वर्षानंतरही यायचा. आईकडे पाच महिने मी कशाच्या जोरावर काढले? परत आले की इथं बसेन, एवढ्यावर.’

‘तू म्हणाली होतीस, बघवत नाही...’

‘म्हणाले होते. तेव्हा नव्हतं बघवत.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘तुम्ही शेडवरून जाताना तोंड फिरवायचात. तुमच्या जखमेवर कशाला मीठ चोळायचं, म्हणून नाही सांगितलं.’

वहिनींनी दार हलकेच लावलं. टक् असा छान आवाज आला. ते कुलूप बसवायला आम्हाला दोन दिवस लागले होते.

‘अहो, माझं एवढंच उरलं होतं तिचं,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही तिला घासून काढलंत.’

पिशवी तशीच रस्त्यात ठेवून त्या आत गेल्या. माझी बायको त्यांच्या मागोमाग गेली. आम्ही दोघं त्या पिवळ्या गाडीशेजारी उभे राहिलो, चोरी करताना सापडल्यासारखे.

टर्नर त्याच पावली भंगारवाल्याकडे गेला. मीही गेलो. भंगारवाला भला माणूस, त्याने आमच्याबरोबर अख्खा ढीग उपसला. पण आमचा माल तीन महिन्यांपूर्वीच ट्रकमध्ये भरून गेला होता. काथ्या मी जाळला होता. अक्षरांचं तर काय, ती धूळ होऊन माझ्याच वर्कशॉपमधून झाडली गेली होती, माझ्याच केरसुणीने.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. बायको म्हणाली, ‘जा आणि सांगून टाक. मनात ठेवून सडवू नकोस.’ तिसऱ्या दिवशी मी पोस्टात गेलो. वहिनी खिडकीमागे बसून पत्रांवर शिक्के मारत होत्या. माझ्यापुढे दोघं होते, मागे तिघं. माझा नंबर आला. घरी जाऊन बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी इथे आलो होतो, हे त्यांनाही कळलं असावं.

‘वहिनी, ते मी घासलं. त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला दार खरवडलंय एवढंच म्हणालो. लिहिलंय म्हणालो नाही.’

त्यांचा शिक्का हवेत थांबला. ‘तुम्ही वाचलं होतं?’

‘थोडं.’

‘काय वाचलंत?’

‘ऊन फुकट.’

‘ती दुसरी ओळ,’ त्या म्हणाल्या. पुढे झुकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम इतकी आशा आली, की मला ती बघवेना. ‘आणि तिसरी? कशी लिहिली होती आठवतंय? कोणतं अक्षर उलटं होतं?’

‘नाही वहिनी. मी तिथेच थांबलो.’

त्या मागे सरल्या. मग शिक्का शाईच्या गादीवर दाबला. ‘जा भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘मागे रांग आहे.’

गाडी पुन्हा शेडमध्ये गेली. टर्नर कामावर जायचा, यायचा. वहिनी घर सोडून गेल्या नाहीत. लोकांना वाटलं होतं जातील. स्वयंपाक करायच्या, त्याचा डबा भरायच्या, त्याच्याशी लागेल तेवढं बोलायच्या. माझ्याशी तर तेवढंही नाही. मी त्यांच्याकडे जायचं सोडलं.

दीड महिन्याने एका सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या बायकोला वहिनींचा निरोप आला, भावजींना पाठवून द्या. मी धावत गेलो. शेडचं दार सताड उघडं होतं. टर्नर गाडीच्या मागच्या दारापाशी जमिनीवर बसला होता, आणि पॉलिश पेपरने दार आतून घासत होता. पाण्यात बुडवून, अगदी हलक्या हाताने, गोल गोल. लिंबाचा पिवळा गेला होता, खालचा राखाडी प्रायमर गेला होता, लांबीचा थरही बराच निघाला होता. तो थर काढत काढत खाली जात होता.

मला बघून म्हणाला, ‘खिळ्याने लिहिलं होतं ना? खिळा पत्र्यात जातो. खोल गेला असेल तर खाली राहिला असेल. मी सावकाश घासतोय. तुझ्यासारखं नाही.’

पंचवीस वर्षं मी पत्रा बघतोय. लांबीखाली मी ग्राइंडर फिरवला होता, पांढरा पत्रा दिसेपर्यंत. खाली काही नव्हतं. तो घासत होता तिथे दोन ठिकाणी चकचकीत पत्रा उघडा पडलाच होता, कोरा. त्याची बोटं सोलवटली होती, पाणी लालसर झालं होतं. मी त्याच्याजवळ बसलो आणि या वेळी शब्द गाळला नाही. ‘नाही रे. काही राहिलेलं नाही. मी पत्र्यापर्यंत नेलं होतं.’

त्याचा हात थांबला नाही. पण पुढचं काय करावं ते त्या हाताला कळत नव्हतं, नुसता फिरत होता.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, टर्नरसमोर बसल्या आणि त्याच्या हातातून पेपर काढून घेतला. ‘पुरे आता,’ त्या म्हणाल्या. ‘हात बघा तुमचे.’

टर्नरने खिशातून एक खिळा काढला. ‘तुला पाठ आहे ना सगळं? तू सांग. मी इथं लिहितो. जसं होतं तसं, त्याच जागी.’

वहिनींनी खिळ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं सांगतील. मग मान हलवली. ‘नको. ते तुमचं अक्षर होईल.’

तो रडायला लागला. मी त्याला शाळेपासून ओळखतो. पोरीला नेलं त्या दिवशीही त्याने दात आवळून धरले होते. आता मोठ्याने, लहान मुलासारखा रडला. वहिनी त्याची बोटं पदराने पुसत होत्या, एक एक. पुसता पुसता त्या बोलायला लागल्या, हळू, पाढे म्हणावे तसं.

‘दुकान उघडं आहे. ऊन फुकट. वारा फुकट, पण काच आपली आपण उघडणे. दगड धुऊन मिळतील. रडक्यांनी बाहेर थांबणे. आईचा नंबर पहिला.’

टर्नरने वर पाहिलं. ‘या सहाच झाल्या.’

‘बाबा आले की दुकान बंद.’

मी उठलो आणि आवाज न करता बाहेर आलो.

त्यानंतर वहिनी त्याला एकेक सांगायला लागल्या. बारा वर्षं गाडी त्याच्या दारात होती आणि तिच्यात काय चालायचं ते त्याला वहिनींच्या तोंडून कळत होतं. रोज नाही सांगायच्या. काही दिवस म्हणायच्या, ‘आज नको.’ मग तो दुसऱ्या दिवशी विचारायचा. वहिनी माझ्याशी पूर्वीसारख्या झाल्या नाहीत, आणि होणारही नाहीत. समोर आल्या तर चहा घेणार का विचारतात. गाडी शेडमध्येच आहे. विकायचा विषय मी एकदा काढला, टर्नरने ऐकलं नसल्यासारखं केलं.

परवा तो माझ्या वर्कशॉपमध्ये आला होता. मी एक मडगार्ड घासत होतो. स्टूल ओढून बसला.

‘काल तिने एक नवीन सांगितलं,’ तो म्हणाला. ‘पुढच्या सीटखाली माझ्यासाठी एक डबी ठेवलेली असायची म्हणे. भिंगरी रोज त्यात काहीतरी टाकायची. बाबा दुकानात आले की द्यायचं, म्हणून. मी कधी गेलोच नाही आत. तुझ्या वहिनीनेही कधी उघडली नाही, माझी म्हणून.’ त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘आतलं सगळं तू काढलंस. तुला दिसली होती का?’

नाही म्हणून टाकावं, असं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं.

‘होती,’ मी म्हणालो. ‘पत्र्याची, गोल. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. मी उघडली नाही. तशीच पोत्यात टाकली.’

‘म्हणजे आत काय होतं ते...’

‘नाही माहीत. पण रिकामी नव्हती. टाकताना वाजली.’

तो स्टुलावरून पुढे सरकला.

‘कशी वाजली?’ त्याने विचारलं.

मी पेपर खाली ठेवला आणि डोळे मिटले. आठवायचा प्रयत्न करायला लागलो.